आईच्या नावानं उघडेल

बेगायिमनं कढईत पहिले बोरसोक, कणकेचे छोटे तुकडे, सोडले आणि नेमके तेव्हाच फाटकाशी दोन परके येऊन उभे राहिले. गुरुवार होता. गुरुवारी गेलेल्या माणसासाठी तेल तापवायचं, तळणाचा वास वर जाऊ द्यायचा, चार शेजाऱ्यांना वाटायचे आणि दुवा मागायची. पाहुण्यांसाठी कुणी काही तळत नव्हतं. पण त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक? पाठीवर भलीमोठी बोचकी, उन्हानं सोललेली नाकं, आणि तोंडावर असं हसू की जणू ही कढई त्यांच्याच स्वागताला चढवली आहे.

"एर्मेक?" त्यातल्या बाईनं विचारलं आणि फोन पुढे केला.

तिची थोरली जाऊ सायरा जर्दाळूच्या झाडाखाली गाद्या झटकत होती. ती हात पुसत आली. फोनवर एर्मेकचा फोटो होता, पांढरी टोपी मागे सरकवलेला, हसरा. खाली त्याचं उत्तर होतं: या, या, घर तुमचंच आहे, आम्ही वाट पाहतोय. उत्तर याच आठवड्यातलं होतं. आणि एर्मेकला जाऊन सगळा हिवाळा उलटला होता.

"पुन्हा?" सायरा म्हणाली.

"पुन्हा," बेगायिम म्हणाली. तिनं झारा खाली ठेवला, पाहुण्यांना दोन भाषांची मोडतोड करून सांगितलं की एर्मेक आता नाही, मी त्याची बायको, आत या, चहा घ्या. ती बाई लाजेनं लाल झाली, तिचा नवरा माफी मागत राहिला. पण दारातला पाहुणा परत पाठवायची रीत आमच्या काठावर नाही, तेव्हा मोठ्या तंबूत त्यांची गादी पडली आणि मेलेल्या माणसाच्या नावानं तळलेले बोरसोक त्यांनी मिटक्या मारत खाल्ले.

बेगायिम मात्र कढईपाशी बसून रडली. "हे उत्तर तो आपोआप जाणारं करून बसलाय, वहिनी. कुणीही नेटवर जागा विचारली की त्याचं खातं 'या' म्हणतं. किती जणांना म्हणालंय, कोण कधी येणार, मला कळायला मार्ग नाही. परवा एका तंबूसाठी दोन कुटुंबं आली. एकाला मी शेजारच्या झामिलाकडे पाठवलं, तर ते चिडून खाली लिहून गेले, इथे फसवणूक होते. फसवणूक! एर्मेकच्या घरात!"

इसिक-कूल सरोवराच्या दक्षिण काठावरच्या या गावात एर्मेकचे तंबू सगळ्यांत आधी जगाला दिसायला लागले. पाहुण्यांनी वर्षानुवर्षं लिहिलेलं कौतुक त्या एका खात्यात साठलं होतं, आणि त्याच कौतुकावर नवे पाहुणे येत. घर, घोडी, तंबू, सगळं होतं. पण फाटकापर्यंत माणूस आणणारा रस्ता त्या खात्यातून यायचा. आजारपणात 'सारखं टिंगटिंग नको' म्हणून एर्मेकनं ते खातं फोनवरून काढून टाकलं, आणि त्याचा पासवर्ड त्याच्याबरोबरच गेला. कंपनीला कळवून पाहिलं. उत्तर आलं: मालकानंच संपर्क साधावा. बेगायिमनं मृत्यूचा दाखला पाठवला. तेव्हा आलं: आपली विनंती विचाराधीन आहे. त्या विचारात अख्खा उन्हाळा निघून गेला असता.

आणि गंमत म्हणजे एर्मेक निष्काळजी माणूस नव्हता. आजार बरा होणारा नाही हे कळल्यावर तो स्वतः तालुक्याला गेला आणि नोटरीण जुमागुलताईंपुढे बसून मृत्युपत्र करून आला. घर कुणाचं, घोडी कुणाची, खोगीर कुणाचं, अगदी चहाचं पाणी उकळायचा समोवार सुद्धा कुणाचा, हे सगळं त्यात होतं. जुमागुलताईंनी ते घरी येऊन वाचून दाखवलं होतं, आणि एका ओळीपाशी थांबून चष्मा पुसला होता.

"मी त्याला मुद्दाम विचारलं हो," त्या म्हणाल्या होत्या. "हल्ली विचारावंच लागतं. म्हटलं, घरादाराचं झालं, तुझ्या त्या संगणकातल्या दुकानाचं काय? पासवर्ड लिहून ठेव. तर मला म्हणतो कसा, 'ताई, तुमच्या कचेरीत सकाळी लिहिलेलं संध्याकाळी बकऱ्यांनासुद्धा माहीत असतं. असं लिहा, माझं खातं आईच्या नावानं उघडेल.' मी लिहिलं."

"कुठल्या आईच्या?" असं त्या वेळी कुणी विचारलं नाही. नोटरीणबाईंनी नाही, एर्मेकनं सांगितलं नाही. आमच्या माणसांना हा प्रश्न पडतच नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं आणि ते तोंडावर आणायचं नसतं.

एर्मेक सायराच्या पोटचा. ती एकोणीस वर्षांची होती, पहिलटकरीण. मूल चाळीस दिवसांचं झालं आणि सासूनं पाळण्यातून उचलून छातीशी धरलं. "हा माझा," ती म्हणाली. पहिलं नातवंड आजी-आजोबांचं, ही जुनी रीत. त्यात विचारायचं काय आणि रडायचं काय? दूध सायराचं, मूल सासूचं. एकाच अंगणातल्या दोन घरांत तो वाढला. सासूला आई म्हणायला शिकला, सासऱ्याला बाबा. सायराचा नवरा त्याचा थोरला भाऊ झाला आणि सायरा झाली वहिनी. तो पहिल्यांदा स्पष्ट "वहिनी, पाणी" म्हणाला तेव्हा जेवायला बसलेले सगळे कौतुकानं हसले. सायराही हसली. मग गोठ्यात जाऊन गाईच्या पाठीला डोकं टेकून उभी राहिली.

सासू वाईट नव्हती. हेच तर अवघड होतं. वाईट असती तर रागावता आलं असतं. पोराला तिनं जिवापाड जपलं, आणि सायरालाही कधी टोचून बोलली नाही. पुढे सायराला दोन मुली झाल्या, त्या लग्न होऊन दूर रशियात गेल्या. सासरे गेले, सायराचा नवरा गेला, मग सासूही गेली. एर्मेकनं शहरातून बायको आणली, आणि सायराची सख्खी सून तिची धाकटी जाऊ झाली.

तरी या सगळ्यात एक गोष्ट घडली होती, आणि ती सायरानं कुणाला सांगितली नव्हती. शेवटच्या दिवसांत एर्मेकच्या उशाशी ती बसायची. एकदा त्यानं तापात तिचा हात घट्ट धरला आणि म्हणाला, "आई." डोळे मिटलेले होते. तापात माणूस कुणालाही आई म्हणतो, तिनं स्वतःला शंभरदा बजावलं. पण मृत्युपत्रातली ती ओळ ऐकल्यापासून तिच्या मनात एक किडा वळवळत होता. मेलेल्या बाईच्या नावाचं कुलूप कोण लावेल? बायकोनं उघडायचं तर जिवंत माणसाचंच नाव हवं ना? इतकी वर्षं वहिनी म्हणणाऱ्यानं, तोंडानं म्हणता येत नाही म्हणून, तिथे लिहिलं असेल तर?

फसवणुकीचं ते लिखाण वाचल्यावर बेगायिमचा धीर सुटला. पाहुणे सरोवराकडे पोहायला गेलेले पाहून तिनं संगणक जर्दाळूखालच्या चौथऱ्यावर आणला. पासवर्ड विसरलात? या ओळीवर तिनं दाबलं. पडद्यावर एर्मेकनंच कधीतरी निवडलेला प्रश्न आला: तुमच्या आईचं नाव?

"बसा, वहिनी. एकटीनं करायचं धाडस नाही माझं."

सायरा बसली. हात मांडीवर, जशी नोटरीणबाईंपुढे बसली होती तशी.

बेगायिमनं सासूचं नाव टाकलं, कबरीच्या दगडावर कोरलेलं: कुम्युशकान. चूक. मग तिनं ते लहान करून टाकलं: कुम्युश. तेही चूक. आणि लगेच लाल अक्षरं आली. बेगायिमनं ती वाचून दाखवली. आता एकदाच लिहिता येईल. चुकलं तर खातं कायमचं बंद होईल आणि त्यातलं सगळं पुसलं जाईल.

"अगं बाई," सायरा म्हणाली.

बेगायिमनं दोन्ही हात डोक्याला लावले. मग हळूच मान वर करून तिनं सायराकडे पाहिलं. शहरातली पोर ती, तिला आमचे आडपडदे कधी जमले नाहीत. "वहिनी, एक विचारू? रागावू नका. जन्म तर तुम्हीच दिलात ना त्याला?"

सायरा चौथऱ्यावर पडलेली जर्दाळूची पानं वेचू लागली.

"त्यानं तुमचंच लिहिलं असणार. दुसरं काय उरलं? मला तर आधीच सुचायला हवं होतं. सायरा टाकते."

"चहा पिऊन कर," सायरा म्हणाली. "चहा पिऊ आधी. तुला गरज आहे."

गरज कुणाला होती ते बेगायिमलाही दिसत होतं. पण तिनं संगणक बाजूला सरकवला.

सायरा समोवारात पाणी भरायला म्हणून ओढ्यावर गेली आणि बादली तशीच ठेवून काठावर बसून राहिली. कारण तिला एक गोष्ट माहीत होती. गावात आता तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती.

कुम्युशकान हे सासूचं नाव शाळेच्या मास्तरनं चढवलेलं. जन्माच्या वेळी तिच्या बापानं ठेवलेलं नाव वेगळंच होतं. तिच्याआधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून तिचं नाव ठेवलं तोक्तो. तोक्तो म्हणजे थांब. मरणाला सांगितलेलं, आता थांब. सगळं गाव तिला थोरली मालकीण म्हणायचं, कागदावर ती कुम्युशकान होती, पण सासरे घरात हाक मारायचे ती "तोक्तो". त्या घरात वाढलेल्या पोरानं ती हाक रोज ऐकली होती.

सायराला हे कसं ठाऊक? अहो, ज्या बाईला नाव घ्यायचं नसतं तिलाच ते सगळ्यांत आधी शिकवतात. ती नवरी होऊन आली त्या दिवशी म्हाताऱ्या चुलत सासूनं पडद्याआड बसवून एकेक नाव कानात सांगितलं होतं. सासऱ्यांचं हे, थोरल्या दिराचं हे, सासूचं हे. नीट ऐक, पाठ कर, आणि पुन्हा तोंडातून काढू नकोस. नाव तर नाहीच, त्यासारखा शब्दही नाही. तेव्हापासून सायरानं 'थांब' म्हणणं सोडलं. बसवाल्याला ती "उभी कर रे बाबा" म्हणायची, घोड्याला "पाय रोव", आणि उधळलेल्या बकऱ्यांच्या मागे तर नुसतीच "ए, ए" करत धावायची. गावातली पोरं तिची नक्कल करत. सासू खिडकीतून बघून डोळ्यांत पाणी येईतो हसायची. "अगं, म्हण एकदा! मी नाही ऐकत," असं ओरडायची. सायरानं कधी म्हटलं नाही.

आता गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. बेगायिम "सायरा" लिहील. उघडलं तर उघडलं! मग साऱ्या जगाला कळेल. आणि नाही उघडलं तर खातं बंद होईल, प्रश्नही बंद होईल. त्यानं तिथे काय लिहिलं होतं ते मग कुणालाच कधी कळणार नाही, आणि सायराला मरेपर्यंत मानता येईल की कदाचित स्पेलिंग चुकलं, कदाचित पोरीनं घाईत दाबलं. तो किडा तिला मारायचा नव्हता. तो वळवळत होता म्हणून तर ती सकाळी उठत होती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि तरी ती उठली नाही. बेगायिमच्या दोन पोरांचे फाटके बूट तिच्या डोळ्यांपुढे आले, फाटकाशी संतापून उभे राहिलेले पाहुणे आले, खाली लिहिलेला तो 'फसवणूक' शब्द आला. मी कोण लागते त्या पोरांची, असं तिनं मनाशी म्हणून पाहिलं. काकू, आतनं उत्तर आलं. ती बादली भरून परत फिरली, पण काय करायचं ते तिचं ठरलं नव्हतं.

अंगणात पोचली तो बेगायिम थांबलेलीच नव्हती. भीतीनं तिला बसवलं नसावं. तिनं लिहून टाकलं होतं.

"या, वहिनी, बघा बरोबर लिहिलंय का. तुमच्यासमोर दाबते."

सायरानं वाकून पाहिलं. वर लिहिलं होतं: तुमच्या आईचं नाव? आणि त्याच्या खाली: सायरा.

तिनं ते पुन्हा वाचलं. आयुष्यात एर्मेकच्या बाबतीत कुणी, कुठेही, असं लिहिलं नव्हतं. जन्मदाखल्यावर नाही, शाळेत नाही, दवाखान्यातही नाही. किती साधं दिसत होतं. तिला वाटलं, हे असंच राहावं, काही दाबू नये, नुसतं इथे बसून बघत राहावं.

"दाबते हं," बेगायिम म्हणाली. "बिस्मिल्ला."

तिचं बोट खाली गेलं.

"तोक्तो!"

बेगायिमचं बोट जागच्या जागी राहिलं. शेजारच्या आवारात झामिला कपडे वाळत घालत होती, तीही वळून बघायला लागली. या बाईच्या तोंडून हा शब्द तिनं जन्मात ऐकला नव्हता.

"थांबले," बेगायिम घाबरून म्हणाली. "काय झालं? चुकलंय का काही?"

"तेच," सायरा म्हणाली. ती चौथऱ्याच्या कडेवर बसली. "थांब असं नाही म्हणाले मी. नाव सांगितलं. सासूबाईंचं. ते लिही."

"पण तुमचं..."

"माझं पूस."

बेगायिमनं एकेक अक्षर पुसलं. सायरा शेवटचं अक्षर जाईपर्यंत बघत होती. मग तिनं खाली जमिनीकडे पाहिलं आणि ओठांतल्या ओठांत सासूची माफी मागितली. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. नाव घेतलं म्हणून, की ते घ्यायला इतका उशीर लावला म्हणून.

खातं उघडलं.

बेगायिम किंचाळली. तिनं सायराच्या गळ्यात हात टाकले, मुके घेतले, पुन्हा पडद्याकडे वळली. निरोपांवर निरोप धडाधड उतरत होते. "बघा, बघा, सगळं आहे! उद्या शुक्रवारी चौघं येणार आहेत. हे एक जोडपं जुलैत. अरे देवा, याला तर सगळेच तंबू हवेत! आधी ते आपोआपचं 'या, या' बंद करते." ती रडत होती, हसत होती, लिहीत होती. "वहिनी, तुम्ही नसता तर आम्ही बुडालो होतो."

"हो," सायरा म्हणाली. छातीत सकाळी जे वळवळत होतं ते आता नव्हतं. त्या जागी काहीच नव्हतं, आणि त्या रिकामेपणानं तिला बसल्या जागी थंडी वाजायला लागली. पोरगं खरं बोललं होतं. त्याची जी आई, तिचंच नाव त्यानं लिहिलं. त्यात त्याचं काय चुकलं?

बेगायिम फिरत फिरत घराच्या पानावर पोचली. पाहुण्यांना दिसतं ते पान. तिथे तंबूंचे फोटो होते, सरोवराचे होते, आणि खाली 'आमचं कुटुंब' असं लिहून माणसांचे. एर्मेक आणि बेगायिम. दोन्ही मुलं घोडीवर. आणि एकटी सायरा, चुलीपाशी, डोईच्या रुमालाच्या टोकानं कपाळ पुसताना. तिला माहीतही नव्हतं त्यानं हा कधी काढला. त्याच्याखाली एर्मेकनं लिहिलं होतं: आमच्या वहिनी. या घरातलं प्रत्येक जेवण यांच्या हातचं.

बेगायिमनं ते मोठ्यानं वाचलं. तिनं सायराच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पोर उतावळी खरी, पण आंधळी नव्हती.

"वहिनी," ती हळू म्हणाली, "आता खातं माझ्या हातात आहे. इथे काय लिहायचं ते मी ठरवू शकते. 'एर्मेकची आई' करू? एका मिनिटाचं काम आहे. जगातल्या सगळ्यांना तेच दिसेल."

सायराला हो म्हणायचं होतं. इतकं म्हणायचं होतं की तिनं जीभ दातांखाली धरली.

"त्यानं लिहिलंय ना ते?"

"त्यानंच."

"मग राहू दे. मेलेल्याच्या तोंडी शब्द घालू नये. तो काय आता उठून नाही म्हणणारे का?"

"तो नाही म्हणालाही नसता कदाचित."

"कदाचित," सायरा म्हणाली. "ते कदाचित मी आत्ता पुसलं, पोरी."

बेगायिमला ते कळलं की नाही, कोण जाणे. तिनं सायराचा हात धरला, आणि तेवढ्यात पडद्यावर नवा निरोप टिंगकन वाजला, तशी ती वळली. शुक्रवारच्या चौघांना उत्तर द्यायलाच हवं होतं.

पाहुणे पोहून परत आले. केस ओले, खांद्यावर टॉवेल. ती बाई चौथऱ्यापाशी आली, खिशातून कसलंसं छोटं पुस्तक काढून पान शोधलं आणि आमच्या भाषेतले दोन शब्द अडखळत, पण मोठ्या प्रेमानं वाचले.

"आई... चहा?"

सायरा उठली. समोवारात निखारे घातले, पेले पुसले. बाई पुन्हा म्हणाली, या खेपेला बरोबर उच्चारून, आणि तिचा नवराही हसत तिच्यामागे म्हणाला, "आई, चहा." एका रात्रीसाठी आलेली माणसं.

"आणते," सायरा म्हणाली, आणि दूध आणायला आत गेली.